तड्यापर्यंत जाणारे यंत्र

(कोन, ता. पनवेल येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



नव्या कामाचे उद्घाटन होते, दुरुस्तीचे होत नाही. पुलाच्या कोनशिलेवर बांधणाऱ्यांची नावे असतात. वीस वर्षांनी त्याच पुलाचा तडा वेळेवर पाहून ज्याने तो वाचवला, त्याचे नाव मस्टरवरही नीट सापडत नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो त्यांनी आयुष्यभर दुरुस्तीच केली आणि इथल्या मुलांना दुरुस्तीच शिकवली. म्हणून संयोजकांनी विषय माझ्यावर सोपवला तेव्हा मला फार विचार करावा लागला नाही. धातूच्या मोठ्या रचना जागेवर जाऊन कशा सांधायच्या, आणि त्यासाठी आज जी फिरती यंत्रे तयार होत आहेत त्यांचा आपल्याला कितपत उपयोग आहे, याबद्दल मी बोलणार आहे.

कोनला हा विषय परका नाही. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे हे गाव. जवळच कळंबोलीचा लोखंड बाजार आणि तळोज्याची एमआयडीसी, आणि कोन-सावळा रस्त्याने निघाले की रसायनी. ट्रकचे फाळके, ट्रेलरच्या चॅसी, टँकरच्या टाक्या यांवर इथे रोज कुठे ना कुठे वेल्डिंगचा होल्डर चालतो. शिवाय आता गावात गिरणी कामगारांची वस्ती आहे. डिसेंबर २०१६च्या सोडतीत कोनच्या इमारतींत ज्यांना घरे लागली, त्यांनी परळ-लालबागला साचे चालवले आणि मोडलेले साचे पुन्हा उभेही केले. घराच्या किल्लीसाठी मात्र त्यांना वर्षानुवर्षे थांबावे लागले, आणि त्या विलंबाचे एक कारण त्या घरांची दुरुस्ती हेच होते. दुरुस्ती रखडली की माणसाचे आयुष्य कसे रखडते, हे या गावाला मी सांगायला नको.

एक साधी गोष्ट आधी मांडतो. मोठी रचना मोडली तर ती कारखान्यात नेता येत नाही. बोटीचा तळ, तेलाची टाकी, रेल्वेचा डबा, पुलाचा गर्डर, सगळे आहे तिथेच राहते आणि कारागीर तिथे जातो. आर्क वेल्डिंगने जग जिंकले ते याच कारणाने. एक मशीन, दोन केबल, हातात होल्डर, खिशात रॉड. माणूस शिडीवर चढू शकतो, टाकीत उतरू शकतो, उलटा झोपून डोक्यावरचा सांधा भरू शकतो. या सोयीला आज शंभरहून अधिक वर्षे झाली आणि पोलादाच्या बाबतीत तिला तोड नाही. अडचण सुरू होते ती अॅल्युमिनियमपाशी.

ही अडचण जवळून पाहायची तर आपल्याच परिसरातली एक वस्तू घेऊ. पनवेलच्या आसपास जे टॉवर उठत आहेत त्यांतले कितीतरी अॅल्युमिनियमच्या सेंट्रिंगमध्ये ओतले जातात. साइटवर सगळे त्याला माइव्हन म्हणतात. त्याचे एक पॅनल म्हणजे सुमारे चार मिलिमीटरचा पत्रा, मागे आडव्या पट्ट्या, चारी बाजूंना कड आणि कडेला ओळीने भोके. शेजारच्या पॅनलच्या भोकातून पिन घालायची, पिनेच्या खाचेत वेज ठोकायची, की भिंत उभी. काँक्रीट भरल्यावर हातोडा मारून वेज काढायची, पॅनल ओढून सोडवायचे आणि स्लॅबमधल्या चौकोनातून वरच्या मजल्यावर हातोहात द्यायचे. एकच पॅनल असे शंभराहून अधिक वेळा वापरले जाते. इतक्या वेळा ठोकले, ओढले, आपटले गेल्यावर ते कुठे फाटते? बहुतेक वेळा कोपऱ्यात, जिथे पट्टी कडेला वेल्ड केलेली असते, त्या वेल्डच्या अगदी शेजारी. वेल्ड शाबूत असतो आणि त्याच्यापासून बोटभर अंतरावर बारीक रेघ दिसते. तिच्यातून सिमेंटचे पाणी झिरपलेले असते, म्हणून ती करडी पडते. जाणत्या माणसाला ती बोट फिरवूनही कळते.

दुरुस्तीच्या यार्डात हे पॅनल आले की आधी काँक्रीट खरवडतात, मग रेघेवर ग्राइंडर मारून तडा मुळापर्यंत खोलतात. चांगला कारागीर तड्याच्या टोकाला लहान भोक पाडतो, म्हणजे तडा पुढे धावत नाही. मग आर्गॉन मारतात, म्हणजे आर्गॉन वायूच्या आच्छादनात आर्कने तडा भरतात. वरून ग्राइंडिंग केले की पॅनल नव्यासारखे दिसते आणि पुन्हा साइटवर जाते. काही मजले झाले की नव्या वेल्डच्या शेजारी तशीच रेघ.

यात कारागिराचा हात कमी पडतो असे समजणे अन्यायाचे होईल. त्या धातूचा स्वभावच तसा आहे. हे पॅनल ज्या ६०६१ जातीच्या मिश्रधातूचे असते त्याला कारखान्यात तापवून, विझवून, पुन्हा मंद भट्टीत ठेवून बळ आणलेले असते. त्या अवस्थेला टी-६ म्हणतात. त्या अवस्थेत त्याची ताणशक्ती साधारण ३१० मेगापास्कल असते. आर्कची उष्णता लागली की वेल्डच्या दोन्ही बाजूंचा पट्टा मऊ पडतो, आणि डिझाइन करणारा तिथे जेमतेम १६५ धरतो. म्हणजे जवळजवळ निम्मे बळ गेले. दुसऱ्यांदा वेल्ड केला की तो मऊ पट्टा आणखी रुंदावतो.

दुसरा त्रास हवेचा. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्याच्या अंगावर जो ऑक्साइडचा पापुद्रा असतो तो वितळायला दोन हजार अंशांच्या वर जावे लागते. पापुद्रा नीट काढला नाही तर तो सांध्यात अडकून बसतो. वितळलेले अॅल्युमिनियम हायड्रोजन शोषते तेही घनरूपापेक्षा वीसएक पट. हा हायड्रोजन येतो ओलाव्यातून. धातू थिजताना त्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि सांध्यात बुडबुडे राहतात. आता आपल्या कोकणपट्टीतला जुलै डोळ्यांपुढे आणा. पत्रा ओला, वायर दमट, वारा सुटलेला, आर्गॉन उडून चाललेला. अशा हवेत उघड्यावर अॅल्युमिनियमचा निर्दोष वेल्ड काढणारा माणूस मी पाहिला आहे, आणि त्याला किती पगार मिळत होता तेही मला माहीत आहे. त्याच्या कौशल्याशी त्या आकड्याचा काही मेळ नव्हता.

ज्या पद्धतीबद्दल मी बोलणार आहे ती या दोन्ही त्रासांना बगल देते, कारण तिच्यात धातू वितळतच नाही. १९९१ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या अॅबिंग्टन येथे, द वेल्डिंग इन्स्टिट्यूट या संस्थेत वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती शोधली. फ्रिक्शन स्टर वेल्डिंग हे तिचे नाव. कठीण पोलादाचा एक दांडा घ्यायचा. त्याच्या तोंडाशी सपाट खांदा असतो आणि खांद्यातून आट्यांची लहान पिन पुढे आलेली असते, पत्र्याच्या जाडीपेक्षा किंचित आखूड. दोन पत्रे कडेला कड लावून घट्ट बांधायचे. दांडा मिनिटाला काहीशे ते हजार-दीड हजार फेऱ्यांनी फिरवत पिन त्या फटीत दाबायची. पिन शिरते, खांदा पत्र्याला टेकतो, घर्षणाने धातू तापून मऊ होतो, पण वितळबिंदूच्या खालीच राहतो. मग दांडा सांध्याच्या रेषेवरून पुढे न्यायचा. पिन दोन्ही पत्र्यांचा मऊ धातू कणकेसारखा तिंबत मागे सारते आणि खांदा वरून दाबून त्याला बसवतो. ना रॉड, ना आर्गॉन, ना धूर, ना डोळे दिपवणारा झोत. मागे राहतो तो बारीक अर्धवर्तुळांच्या नक्षीचा सपाट पट्टा. वितळणे नाही म्हणून हायड्रोजनचे बुडबुडे नाहीत. धातू मऊ पडतो तो इथेही पडतो, त्यातून सुटका नाही. पण आर्कपेक्षा कमी पडतो आणि पत्रा फारसा वाकत नाही. शिवाय विमानात वापरतात त्या २००० आणि ७००० मालिकेतले कितीतरी मिश्रधातू, जे आर्कने वेल्ड करायला गेले की गरम असतानाच तडकतात, तेही या पद्धतीने जुळतात.

पाच वर्षांच्या आत स्वीडन-नॉर्वेमध्ये जहाजांची पॅनल या पद्धतीने जोडली जाऊ लागली. पुढे अमेरिकी अग्निबाणांच्या टाक्या आल्या, जपानच्या वेगवान गाड्यांचे डबे आले. आपल्याकडे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत यावर बरीच वर्षे काम झाले आहे. १२ एप्रिल २०१८ला उडालेल्या पीएसएलव्ही-सी४१ मध्ये प्रणोदकाची टाकी जोडायला ही पद्धत वापरल्याचे इस्रोने सांगितले. कोनकरांना यात एक जवळचा धागा आहे: याच पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात जे नायट्रोजन टेट्रॉक्साइड लागते ते इथून हाकेच्या अंतरावर, रसायनीच्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्समध्ये (एचओसी) कित्येक वर्षे तयार होत असे.

पण ही सगळी नवी कामे झाली, कारखान्यातली, भल्यामोठ्या यंत्रावरची. दुरुस्तीला ही पद्धत न्यायची म्हटली की खरा प्रश्न उभा राहतो, आणि मला आज त्याच प्रश्नापाशी थांबायचे आहे.

तो प्रश्न दाबाचा आहे. आर्कचा होल्डर हाताने धरता येतो, कारण ठिणगीला जोर लावावा लागत नाही. इथे सहा मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमवर दांडा साधारण एक टनाच्या दाबाने धरून ठेवावा लागतो. तेवढ्याच जाडीच्या पोलादाला चार-पाच टन लागू शकतात. एवढा दाब खाली द्यायचा तर तेवढाच जोर यंत्राला वर ढकलणार. कारखान्यात हा जोर यंत्राचा ओतीव लोखंडी सांगाडा पचवतो. बोटीच्या कुशीवर किंवा टाकीच्या पोटावर तो पचवायचा कोणी? फिरत्या यंत्राची सगळी कल्पकता या एका प्रश्नाच्या उत्तरात खर्च झाली आहे.

उत्तरे वेगवेगळी आहेत. एक म्हणजे यंत्र त्या रचनेलाच बांधून टाकायचे: सांध्याच्या दोन्ही बाजूंना रूळ, ते क्लॅम्पने किंवा निर्वाताच्या पेल्यांनी पत्र्याला चिकटवलेले, आणि त्या रुळांवरून सरकणारे डोके. दुसरे, दुसऱ्या बाजूला हात पोहोचत असेल तर इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचा दणकट आकडा. एका टोकाला फिरता दांडा, दुसऱ्या टोकाला आधार, आणि जोर आकड्याच्या अंगातच जिरलेला. तिसरे उत्तर मला सर्वांत देखणे वाटते. त्यात पिन आरपार जाते आणि पत्र्याच्या खाली दुसरा खांदा असतो. वरचा खांदा खाली दाबतो, खालचा वर ओढतो, पत्रा मध्ये चिमटीत. बाहेरून द्यावा लागणारा जोर जवळजवळ नाहीसा होतो. याला बॉबिन टूल म्हणतात. त्याला मागून आधाराची पट्टीही लागत नाही. मात्र ते पत्र्याच्या कडेवरून आत शिरवावे लागते, किंवा आधी आरपार भोक पाडावे लागते. मधोमध असलेल्या तड्याला ते तसे गैरसोयीचे.

आधाराच्या पट्टीचे महत्त्व नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. साध्या, एका खांद्याच्या टूलने वरून टनभर दाब दिला तर मऊ झालेला धातू खालून बाहेर पडेल, म्हणून पाठीमागे भक्कम पोलादी पट्टी लागते. माइव्हनचे पॅनल टेबलावर ठेवता येते, तिथे प्रश्न नाही. पण टाकी असेल तर कोणाला तरी आत उतरून ती पट्टी लावावी लागते, आणि बंद टाकीत उतरणे म्हणजे काय असते ते रसायनी-तळोज्याच्या कामगारांना माहीत आहे. आत ऑक्सिजन किती, वायू कोणता, बाहेर दोरी धरून कोण उभा, हे ठरल्याशिवाय उतरायचे नसते. यंत्र कितीही आधुनिक असो, हा नियम बदलत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, तीही दुरुस्तीच्या कामातच जास्त सलते. सांधा पूर्ण झाला की पिन उचलायची, आणि ती जिथून उचलली तिथे तिच्याच मापाचे भोक राहते. नव्या कामात पत्र्याच्या टोकाला जास्तीचा तुकडा जोडून दांडा त्यावर नेतात आणि नंतर तो तुकडा कापून टाकतात. पत्र्याच्या मधोमध तडा सांधताना असा तुकडा कुठून आणणार? तडा बुजवला आणि भोक ठेवले तर काय साधले? यावर नासाच्या मार्शल केंद्रात चालता चालता हळूहळू आत ओढता येणारी पिन तयार झाली. दुसरा मार्ग म्हणजे त्या भोकात त्याच धातूची निमुळती खुंटी फिरवत दाबायची. घर्षणाने ती भोकाच्या भिंतीशी एकजीव होते, मग वरचे डोके कापून घासून टाकायचे. अंतराळयानांच्या टाक्यांवर हे केले गेले आहे.

ही खुंटीची युक्ती दुसरीकडे फार उपयोगी पडली. दक्षिण आफ्रिकेत एस्कॉम ही सरकारी वीज कंपनी आहे. तिच्या जुन्या औष्णिक केंद्रांतल्या वाफेच्या नळ्या आणि टर्बाइनचे भाग वर्षानुवर्षे उष्णतेत आणि दाबात राहिल्याने आतून थकत चाललेले. किती थकले हे कळायला त्या धातूचा तुकडा काढून तपासावा लागतो. आणि तुकडा काढला की भोक पडते. तिथल्या नेल्सन मंडेला विद्यापीठाच्या अभियंत्यांनी एक फिरते यंत्र तयार केले. ते नळीला बांधतात, नमुन्याची गुल्ली कापून काढतात आणि त्याच जागी पोलादी दांडा फिरवत दाबून भोक भरून टाकतात. नमुना प्रयोगशाळेत, नळी जागेवर. कोराडी, चंद्रपूर, भुसावळ, परळी, एकलहरे या आपल्या केंद्रांची नावे घेतली की हे काम महाराष्ट्राला किती जवळचे आहे ते कळेल. परदेशी तंत्रांच्या यादीतले एकच आपल्याकडे आणा असे कोणी मला सांगितले, तर मी हे आणीन.

अमेरिकी नौदलाचे उदाहरण वेगळे आहे. त्यांच्या टिकॉन्डेरोगा वर्गाच्या २७ युद्धनौका बांधल्या गेल्या, आणि त्यांचा डेकवरचा भाग ५४५६ जातीच्या अॅल्युमिनियमचा होता. त्यात मॅग्नेशियमचे प्रमाण जास्त. वर्षानुवर्षे उन्हात तापत राहिल्यावर ते मॅग्नेशियम धातूच्या कणांच्या सीमांवर वेगळे होऊन बसते, मग खारी हवा त्या सीमा कुरतडते आणि ताण आला की पत्रा तडकतो. असा तडा आर्कने भरला तर त्या उष्णतेने शेजारचा कमकुवत पत्रा पुन्हा तडकतो. घर्षणाने ढवळल्यावर मात्र सीमांवर साचलेला तो घटक पुन्हा धातूत मिसळतो, म्हणजे सांध्याबरोबर त्या जागेचा आजारही काही अंशी उतरतो. जहाजावर नेता येईल अशा यंत्राच्या संशोधनाला तिथे जोर आला तो यामुळे. आपल्या तटरक्षक दलाच्या वेगवान इंटरसेप्टर बोटींची अंगे अॅल्युमिनियमचीच आहेत. समुद्र खारा तिथेही आणि इथेही, आणि ऊन आपल्याकडे जास्तच.

अणुभट्ट्यांबद्दल एवढेच सांगतो, की जुन्या भट्टीच्या पोलादात किरणोत्सर्गाने हेलियम साठतो आणि आर्कने ते वितळवले की हेलियमचे बुडबुडे फुगून पोलाद तडकते. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेत अशा पोलादावर फ्रिक्शन स्टर वेल्डिंगचे प्रयोग झाले आहेत. तारापूरचे पहिले दोन संच १९६९ मध्ये सुरू झाले, त्यामुळे हा विषय महाराष्ट्रातल्या अभियंत्यांनी डोळ्यांसमोर ठेवावा असा आहे.

आता पुलांकडे येतो. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसह नदीत कोसळला. चार माणसे गेली. त्याच्या सहा वर्षे आधी, १४ मार्च २०१९च्या संध्याकाळी मुंबईत सीएसएमटी स्थानकाबाहेरचा पादचारी पूल रस्त्यावर पडला. अशा बातमीनंतर लोक विचारतात, इतके तंत्रज्ञान आले आहे, मग हे पूल आधीच का सांधले जात नाहीत? माझे उत्तर ऐकायला कडू आहे. गंजून गेलेल्या लोखंडाला सांधायला तिथे लोखंडच उरलेले नसते. दहा मिलिमीटरची पट्टी चारवर आली असेल तर ती कापून नवी बसवावी लागते, किंवा पूल बंद करून पाडावा लागतो. जुन्या इंग्रजी अमदानीतले घडीव लोखंड तर आतून पापुद्र्यांचे असते, त्यात मळीचे धागे असतात. त्यावर कोणतीही वेल्डिंग जपूनच करावी लागते. आणि पोलादावर फ्रिक्शन स्टर अजून महागडे आहे. पोलाद मऊ करायला हजार अंशांच्या वर जावे लागते, तिथे साध्या हत्यारी पोलादाची पिन टिकत नाही. टंगस्टन-ऱ्हेनियमची किंवा हिऱ्याच्या खालोखाल कठीण असलेल्या क्यूबिक बोरॉन नायट्राइडची पिन लागते, तिची किंमत जबर आणि आयुष्य मीटरमध्ये मोजायचे. युरोपात जहाजाच्या पोलादावर चांगले सांधे काढून दाखवले गेले आहेत, पण ते पत्रे नवे, स्वच्छ आणि कारखान्यात बांधलेले होते. तेव्हा कोणी फिरते यंत्र आणून जुना पूल वाचवतो म्हणाला, तर त्याला आधी पट्टीची जाडी मोजायला सांगा. जाडी मोजायचा अल्ट्रासोनिक गेज मुठीत मावतो, आणि कुंडमळ्यासारख्या पुलाला सर्वांत आधी गरज असते ती तो हातात घेऊन दर वर्षी खाली उतरणाऱ्या माणसाची, आणि त्याने दिलेला आकडा वाचून पूल खरोखर बंद करणाऱ्या अधिकाऱ्याची.

मला मनापासून वाटते ते हे. फिरते यंत्र तड्यापर्यंत जाईल, पण तडा कुठे आहे, कोणत्या धातूत आहे आणि का पडला, हे त्याच्या आधी तिथे पोहोचलेल्या माणसाला कळले असेल तरच त्याचा उपयोग. आपल्याकडे रचनेचा जन्मदाखला ठेवण्याची सवय नाही. टँकर तीन मालकांच्या हातांतून गेला की त्याची टाकी कोणत्या मिश्रधातूची हे कोणालाच माहीत नसते. आर्कच्या कामात अनुभवी वेल्डर डबक्याचा रंग आणि वाहणे पाहून अंदाज बांधतो आणि वायर बदलून वेळ मारून नेतो. या पद्धतीत डबकेच नाही. दांड्याच्या फेऱ्या, पुढे जाण्याचा वेग, दाब आणि कल, चारही आधी ठरवावे लागतात आणि ते धातूची जात व जाडी पाहून ठरतात. ५०८३ची गती ६०६१ला चालत नाही. म्हणून प्रत्येक टाकीवर, बोटीवर, पॅनलच्या गठ्ठ्यावर मिश्रधातूचा क्रमांक कोरलेला असावा, आणि कुठे कधी दुरुस्ती झाली याची नोंद त्या वस्तूबरोबर फिरावी. याला यंत्र लागत नाही, खर्चही नगण्य आहे, आणि हे उद्यापासून करता येते.

तपासणीबद्दलही बोलले पाहिजे. आर्कचा वाईट वेल्ड बहुधा वाईट दिसतो. हा सांधा आतून पोकळ असला तरी वरून सुरेख दिसू शकतो. वेग जास्त आणि उष्णता कमी पडली की पिनेच्या एका बाजूला लांबलचक बोगदा राहतो. पिन आखूड पडली की मुळाशी दोन पत्रे नुसते एकमेकांना टेकलेले राहतात, जुळलेले नसतात. त्या टेकलेपणात फटच नसते, म्हणून क्ष-किरणांना बहुधा काही दिसत नाही. डीपीचा, म्हणजे डाय पेनिट्रंट तपासणीचा, लाल रंगही आत शिरत नाही. फेज्ड अॅरे अल्ट्रासोनिकने ते पकडण्याची शक्यता सर्वांत जास्त, तीही माणूस त्यात मुरलेला असेल तर. म्हणजे ज्या यार्डात हे यंत्र येईल तिथे तपासणारा माणूसही आला पाहिजे, आणि त्याला नाही म्हणण्याचा अधिकार असला पाहिजे. ठेकेदाराच्या पगारावरचा तपासनीस नाही कसे म्हणणार, याचा विचार ज्यांच्या हातात निविदा आहेत त्यांनी करावा.

सुरुवात कुठून करावी, असे व्याख्यानाआधी इथल्या काही मुलांनी मला विचारले. बोटींपासून नको, टाक्यांपासूनही नको. पॅनलपासून करा. पॅनल सपाट असते, टेबलावर बसते, मागून पट्टी लावता येते, धातूची जात ठाऊक असते, आणि पत्र्याचा सांधा चुकला तर पॅनल बाजूला काढता येते, कोणाचा जीव जात नाही. काही देशांत रुंद पॅनल मुळातच दोन तुकडे या पद्धतीने जोडून बनवतात. तळोज्यात हिंदाल्कोचा अॅल्युमिनियमचे पत्रे काढणारा कारखाना आहे, अॅल्युमिनियम जाणणारी माणसे या पंचक्रोशीत आहेत. माल इथे, मोडणारी वस्तू इथे, हात इथे. कोपऱ्यातला पट्टीचा सांधा मात्र या यंत्राच्या आवाक्यात सहजी येत नाही, तिथे आर्गॉनच राहणार. पत्र्यावरचा लांब तडा ही त्याची जागा.

आणि शिकायला लगेच फिरते यंत्र विकत घेऊ नका. जड, न डगमगणारे उभे मिलिंग मशीन ज्या वर्कशॉपमध्ये असेल तिथे परवानगी काढा. एच-१३ या हत्यारी पोलादाचा दांडा टर्नरकडून करून घ्या. चार मिलिमीटरच्या पत्र्याला पिन चारपेक्षा थोडी आखूड, खांदा पिनेच्या तिप्पट रुंद, आणि दांड्याला मागे दोन-तीन अंशांचा कल. पत्रे क्लॅम्पने असे आवळा की हातोड्यानेही हलू नयेत. यातले निम्मे अपयश ढिल्या क्लॅम्पमुळे येते. चिप्स उडाल्या तर पिन धातू कापते आहे, ढवळत नाही. कडेला पातळ पापुद्रा जास्त निघाला तर खांदा जास्त खोल गेला आहे. सांधा थंड झाला की त्याची दोन बोटे रुंदीची पट्टी आडवी कापा आणि मुळाची बाजू बाहेर ठेवून व्हाइसमध्ये वाकवा. मूळ जुळले नसेल तर पट्टी त्या रेषेवर सरळ उघडेल, आणि वरून कितीही सुरेख दिसला असला तरी तो सांधा भंगारात टाका. पिन मिलिमीटरच्या दहाव्या भागाने वाढवा, दाब तपासा आणि पुन्हा करा. अशा पट्ट्या लागोपाठ न उघडता वाकू लागल्या की मग वहीत लिहिलेले फेऱ्या, वेग आणि कल यांचे आकडे घेऊन मला किंवा कोणाही वेल्डिंग इंजिनियरला बोलवा. फिरत्या यंत्राच्या खरेदीचे बोलणे त्या वहीवरून सुरू करू.